विजयापत्र-निष्कर्षण : सेंट्रिफ्यूज यंत्र व प्रयोग-आराखडा यांचा उपयोग

प्रस्तावना

विजया अर्थात भंगा हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीतील एक जुने, तितकेच जबाबदारीचे द्रव्य आहे. व्यवायी गुणाचे उदाहरण देताना शार्ङ्गधराचार्यांनी अहिफेनाबरोबर भंगेचाच उल्लेख केला आहे. पाक होण्यापूर्वीच जे द्रव्य सर्व शरीर व्यापते आणि त्यानंतर पाकास जाते, ते व्यवायी होय. भावमिश्रांनी हिला तिक्त, लघु, तीक्ष्ण, उष्ण, ग्राही व पाचन म्हटले, परंतु त्याच ठिकाणी मोह व मद वाढविणारी असेही नमूद केले. दीपन-ग्राही कर्म आणि मद ही एकाच द्रव्याची दोन अंगे असून त्यांच्यामधील सीमारेषा केवळ मात्रेची आहे. म्हणूनच या द्रव्याच्या बाबतीत एका बॅचची मात्रा दुसऱ्या बॅचच्या मात्रेशी जुळणे हा सोयीचा नव्हे, तर रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

जातीफलादि चूर्णासारख्या कल्पांतून विजयापत्राचा उपयोग परंपरेने होत आला आहे. अलीकडे मात्र पानाऐवजी मद्यार्कातील निष्कर्ष वापरण्याकडे फार्मसीचालकांचा कल वाढत आहे. २०१८ साली कॅनडात भांग-गांजास कायदेशीर मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक टीएचसी नसलेल्या हेम्पची शेती खुली झाली. त्यानंतर तेथील उद्योगात थंड मद्यार्क आणि सेंट्रिफ्यूज यांची जोडी मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. साहजिकच आपल्याकडेही विचारणा होते की, हे यंत्र घेतल्यास निष्कर्षाची प्रत सुधारेल काय ?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, यंत्र स्वतः गुणवत्ता निर्माण करीत नाही. गुणवत्ता प्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर निसटते हे नियोजनपूर्वक केलेल्या थोड्या प्रयोगांतून आधी शोधावे लागते. ते कळल्यावर यंत्र हवे की नको, आणि हवे असल्यास कोणत्या प्रकारचे, याचे उत्तर आपोआप मिळते.

शब्दप्रयोगाविषयी एक खुलासा. आपल्या परिभाषेत ‘अर्क’ म्हणजे अर्कयंत्राने ऊर्ध्वपातन करून मिळविलेला द्रव. मद्यार्कात द्रव्य भिजवून, गाळून व आटवून मिळणारा पदार्थ त्याहून वेगळा आहे. गोंधळ टाळण्यासाठी त्यास येथे सर्वत्र ‘निष्कर्ष’ म्हटले आहे.

इतिहासाचा एक धडा

मद्यार्कातील निष्कर्षाची कल्पना नवी नाही. १८३९ साली कोलकात्यात डॉ. विल्यम ओ’शॉघ्नेसी यांनी भारतीय गांजाच्या रेझिनचे मद्यार्कातील द्रावण तयार करून प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर त्याचा वापर केला आणि आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथून हे औषध युरोप-अमेरिकेत गेले. १८५० च्या आवृत्तीपासून ते अमेरिकन फार्माकोपियात होते, १९४२ साली ते वगळण्यात आले.

वगळण्यामागे कायद्याची कारणे होतीच. परंतु वैद्यकीय व्यवहारात त्याविषयी जुनी तक्रार होती ती अनिश्चिततेची. एका बाटलीतील थेंबांनी काहीच होत नसे, तर दुसऱ्या बाटलीतील तितक्याच थेंबांनी रुग्ण भ्रमित होत असे. कार्यकारी घटक ठाऊक नसल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांना औषध देऊन त्यांची चाल अडखळते काय यावरून त्याचे बल ठरवीत. टीएचसी हा मुख्य मदकारी घटक शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना मांडली गेली ती १९६४ साली, इस्रायलमध्ये गाओनी व मेशूलम यांच्याकडून. तोवर या औषधाने आपले स्थान गमावले होते. बॅचमधील असमानता हे त्या पतनाचे एक मोठे कारण होते, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

द्रव्याचा रासायनिक स्वभाव

निष्कर्षणाचा विचार करण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, विजयेतील मुख्य घटक (टीएचसी, सीबीडी व त्यांचे सहचर) स्नेहात व मद्यार्कात सहज विरघळतात. पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. आपल्या शोधनविधीत पाने पाण्याने वारंवार धुतात, दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन करतात, गोघृतात मंदाग्नीवर भर्जन करतात. या दृष्टीने पाहिले तर जलप्रक्षालनात मुख्यतः जलविद्राव्य अंश, माती व रंग जातात. मदकारी घटक बहुतांशी पानातच राहतात. दुग्ध व घृत या स्नेहयुक्त माध्यमांचा संबंध मात्र थेट त्या घटकांशी येतो. म्हणून निष्कर्षणासाठी घेतलेले पान कोणत्या विधीने शोधित आहे, याची नोंद नसेल तर पुढील सर्व आकडे निरर्थक ठरतात.

दुसरी, ताज्या वा सुकलेल्या पानात हे घटक बहुतांशी आम्लरूपात असतात. उष्णतेने त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि आम्लरूप टीएचसीचे मदकारी टीएचसी होते. १०० मिलिग्रॅम आम्लापासून पूर्ण रूपांतर झाल्यास सुमारे ८८ मिलिग्रॅम टीएचसी मिळते. अर्थात भर्जनाचे तापमान व निष्कर्ष आटविण्याचे तापमान यांचा औषधाच्या कर्मावर प्रत्यक्ष परिणाम होतो. बाहेरील प्रयोगशाळेत नमुना पाठविताना कोणत्या पद्धतीने तपासणी होणार हे अवश्य विचारावे. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, त्यामुळे आम्लरूप वेगळे दिसत नाही. एचपीएलसी पद्धतीत आम्लरूप व मुक्तरूप स्वतंत्रपणे मोजता येतात.

तिसरी, मद्यार्क केवळ इष्ट घटक घेत नाही. पानावरील मेणसर द्रव्ये आणि हरितद्रव्यही तो ओढतो. साध्या तापमानावर अधिक काळ भिजविल्यास हे प्रमाण वाढते. मद्यार्क अतिशीत असल्यास घटते. निष्कर्षात मेण अधिक असेल तर तो गढूळ व चिकट होतो, कालांतराने बाटलीच्या तळाशी थर बसतो आणि वरची मात्रा व खालची मात्रा समान राहत नाही. मेणाचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही, तो मात्रेचाच आहे.

सेंट्रिफ्यूज : तत्त्व व प्रकार

सेंट्रिफ्यूजचे तत्त्व आपणांस अपरिचित नाही. साखर कारखान्यात मळी व साखरेचे कण याच यंत्राने वेगळे होतात. दुग्धालयात दुधावरील साय काढणारे यंत्र त्याच जातीचे. कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांत ओले कापड पिळण्यासाठी जे हायड्रो एक्स्ट्रॅक्टर असते, तेही सच्छिद्र टोपलीचे सेंट्रिफ्यूजच होय.

फार्मसीच्या दृष्टीने दोन कार्ये वेगळी समजून घ्यावीत. पहिले कार्य चोथा पिळण्याचे. भिजविलेले पान गाळणपिशवीत भरून सच्छिद्र टोपलीत फिरविले की, चोथ्यात अडकलेला मद्यार्क बाहेर फेकला जातो. दुसरे कार्य गाळ बसविण्याचे. गाळून घेतलेल्या द्रवातील सूक्ष्म कण छिद्ररहित पात्रात फिरवून तळाशी किंवा भिंतीशी बसविले जातात. या दोन कार्यांसाठी लागणारी यंत्रे भिन्न आहेत. एक घेऊन दुसऱ्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

येथे एक मूलभूत मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. फार्मसीतील सेंट्रिफ्यूज कण वेगळे करते, विरघळलेला पदार्थ वेगळा करीत नाही. हिरवे द्रावण कितीही फिरविले तरी हिरवेच राहील, कारण हरितद्रव्य त्यात विरघळलेले आहे. मेणाचेही तसेच. साध्या तापमानावर मेणाचा मोठा अंश मद्यार्कात विरघळलेला असतो. द्रावण उणे २० अंश सेल्सिअसला काही तास ठेवले की मेण कणरूपाने बाहेर येते आणि मगच ते यंत्राच्या आवाक्यात येते. पाण्यावर तरंगणारे मेण तीव्र मद्यार्कात मात्र खाली बसते, कारण मद्यार्काची घनता मेणाहून कमी असते. मेण वेगळे होते ते थंडीमुळे. यंत्र ते केवळ गोळा करते. हा संबंध पुढील उदाहरणात महत्त्वाचा ठरणार आहे.

यंत्राचा वेग नोंदविताना केवळ प्रतिमिनिट फेरे लिहिणे अपुरे आहे. खरे कार्य करते ते गुरुत्वाच्या पटीत मोजले जाणारे सापेक्ष बल. त्याचे सूत्र सोपे आहे : ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंटिमीटर) गुणिले प्रतिमिनिट फेऱ्यांचा वर्ग. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० फेऱ्यांना सुमारे १००६ पट बल मिळते. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात तितक्याच फेऱ्यांना १५०९ पट. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या टोपलीत १००० फेऱ्यांना ३३५ पट मिळते. म्हणून बॅच-नोंदवहीत त्रिज्या, फेरे व काळ हे तिन्ही लिहावेत. यंत्र बदलल्यावर जुनी कृती जुळविण्याचा दुसरा मार्ग नाही.

यंत्रापूर्वीची एक तपासणी

यंत्र घेण्यापूर्वी कोणत्याही फार्मसीत करता येण्याजोगी एक तपासणी आहे. तिला केवळ तराजू लागतो. समजा, १० किलो सुके पान १०० लिटर मद्यार्कात भिजविले आणि कापडातून पिळून घेतले. पिळलेल्या चोथ्याचे वजन करावे, तो सुकवून पुन्हा वजन करावे आणि वजनातील घट मद्यार्काच्या घनतेने भागून लिटरमध्ये आणावी. चोथ्याने प्रतिकिलो पानामागे दीड लिटर द्रव धरून ठेवला असेल, तर १५ लिटर द्रव व त्यात विरघळलेला सुमारे १५ टक्के अंश चोथ्याबरोबर गेला. टोपलीच्या यंत्राने ही धारणा प्रतिकिलो ०.४ लिटरवर आली, तर हानी सुमारे ४ टक्क्यांवर येते. हे आकडे गणित समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या चोथ्याचे आकडे स्वतः काढावेत. हानी मुळातच थोडी असेल, तर टोपलीच्या यंत्रावरील खर्च न्याय्य ठरणार नाही. शिवाय पिळणाऱ्या हातानुसार हानी दर बॅचला बदलत असेल, तर असमानतेचे एक कारण तेथेच सापडले असे समजावे.

चोथ्यातील मद्यार्क सुकविताना त्याची वाफ ज्वालाग्राही असते हे विसरू नये. ही कृती उघड्या अग्नीजवळ करू नये.

प्रयोग-आराखडा : एका वेळी एकच बदल का पुरेसा नाही

आपल्यापैकी बहुतेक जण प्रक्रिया सुधारताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात. प्रथम काळ बदलतात, त्यातील उत्तम निवडतात, मग तापमान बदलतात, मग यंत्राचा वेग. ही रीत तर्कशुद्ध भासते, पण तिच्यात एक दोष आहे. दोन घटक परस्परांवर अवलंबून असतील तर तो संबंध या रीतीने कधीही दिसत नाही. वैद्यास हे वेगळे सांगण्याची गरज नाही. संयोगाचे कर्म हे सुट्या द्रव्यांच्या कर्मांची केवळ बेरीज नसते, हे आपण रोज पाहतो. घृत व मधु यांचा समप्रमाणातील संयोग हे तर पाठ्यपुस्तकातील उदाहरण आहे.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतीप्रयोगांच्या अनुभवातून रोनाल्ड फिशर यांनी या विषयाचे शास्त्र बांधले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. भारतीय संख्याशास्त्रज्ञांचा या शास्त्रातील वाटा मोठा आहे. कमी प्रयोगांत अनेक घटक तपासण्यासाठी वापरली जाणारी लंबकोनी सारण्यांची कल्पना सी. आर. राव यांनी १९४७ साली मांडली. पुढे जपानच्या तागुची यांनी उद्योगक्षेत्रात ज्या सारण्या लोकप्रिय केल्या, त्यांचा पाया हाच आहे.

मूळ कल्पना अशी : प्रत्येक घटकाच्या दोन पातळ्या ठरवाव्यात, एक खालची व एक वरची, आणि त्यांचे सर्व संयोग करून पाहावेत. दोन घटक असतील तर चार प्रयोग, तीन असतील तर आठ.

एक सोडविलेले उदाहरण

गणित सुबोध व्हावे म्हणून पुढील आकडे कल्पिलेले आहेत. ते प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत.

पहिला घटक, द्रावण रात्रभर ठेवण्याचे तापमान : २५ अंश किंवा उणे २० अंश. दुसरा घटक, सेंट्रिफ्यूजचे बल : ३०० पट किंवा १५०० पट. मोजावयाचे फल, अंतिम निष्कर्षातील मेणसर अंशाची टक्केवारी. ती जितकी कमी तितकी चांगली.

प्रयोग १ : २५ अंश, ३०० पट. फल १२ टक्के.
प्रयोग २ : २५ अंश, १५०० पट. फल ११ टक्के.
प्रयोग ३ : उणे २० अंश, ३०० पट. फल ९ टक्के.
प्रयोग ४ : उणे २० अंश, १५०० पट. फल ३ टक्के.

एका वेळी एकच बदल करणारा निर्माता प्रयोग १ वरून आरंभ करील. बल वाढविल्याने १२ चे ११ झाले, तेव्हा अधिक वेगाचे यंत्र निरुपयोगी आहे असा निष्कर्ष तो काढील. मग ३०० पट बलावर राहून थंड करील. १२ चे ९ होतील व तेथेच तो थांबेल. ३ टक्क्यांपर्यंत तो पोहोचणारच नाही.

आता चारही प्रयोग एकत्र पाहू. तापमानाचा परिणाम : थंड प्रयोगांची सरासरी ६, उष्ण प्रयोगांची ११.५, फरक उणे ५.५. बलाचा परिणाम : अधिक बलाची सरासरी ७, कमी बलाची १०.५; फरक उणे ३.५. अन्योन्यक्रिया काढण्यासाठी, थंडीत बलाने झालेला बदल (उणे ६) यातून उष्णतेत झालेला बदल (उणे १) वजा करून निम्मे करावे. उत्तर उणे २.५. ही संख्या शून्याजवळ असती, तर दोन घटक स्वतंत्रपणे कार्य करतात असे म्हटले असते. येथे ती मोठी आहे. म्हणजे बलाचा लाभ थंडीवर अवलंबून आहे. मेण कणरूपात आल्याखेरीज यंत्रास गोळा करण्यासारखे काही नसते, हे आधी सांगितलेले तत्त्व आकड्यांतून असे दिसते.

यातून खरेदीविषयी एक व्यावहारिक बोध मिळतो. शीतकरणाची सोय नसताना अधिक वेगाचे यंत्र घेणे म्हणजे द्रव्याचा अपव्यय होय. तसेच फिरताना यंत्र तापले तर मेण पुन्हा विरघळते. म्हणून यंत्रातून बाहेर येणाऱ्या द्रवाचे तापमानही नोंदविले पाहिजे.

आराखड्याचे चार नियम

१. एकच पानाचा साठा. सर्व प्रयोगांसाठी लागणारे पान एकदाच भरड करून एकजीव करावे. ढीग करून त्याचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन घेऊन पुन्हा मिसळावेत. या जुन्या चतुर्थांश-पद्धतीने नमुना घ्यावा. एका पोत्याच्या वरचे पान व तळाचा चुरा यांतील फरक कित्येकदा प्रक्रियेतील फरकाहून मोठा असतो.

२. क्रम चिठ्ठ्यांनी ठरवावा. सर्व उष्ण प्रयोग सोमवारी व सर्व थंड प्रयोग मंगळवारी केले, तर फरक तापमानाचा की दिवसाचा हे कळणार नाही. दुपारची उष्णता, वीज जाणे, काम करणारा हात बदलणे, हे सर्व आकड्यांत शिरते. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरविल्यास हे दोष सर्व प्रयोगांत विखुरले जातात.

३. पुनरावृत्ती करावी. प्रत्येक घटकाची मध्यम पातळी घेऊन एकच प्रयोग तीन वेळा करावा. त्या तीन फलांतील तफावत हा आपल्या हाताचा व मोजणीचा स्वाभाविक दोष होय. एखाद्या घटकाचा परिणाम या तफावतीहून लहान असेल, तर तो परिणाम मानू नये.

४. फले एकाहून अधिक मोजावीत. केवळ मेण कमी करण्याच्या नादात इष्ट घटकही गाळाबरोबर जाऊ शकतात. म्हणून निष्कर्षाचे वजन, मेणसर अंश, टीएचसी व सीबीडीचे आम्लरूप व मुक्तरूप, तसेच उरलेला मद्यार्क ही सर्व फले त्याच नमुन्यात तपासावीत. काढून टाकलेल्या गाळाचा एक नमुनाही तपासणीस पाठवावा.

तीन घटकांचा आराखडा केला, जसे मद्यार्काचे तापमान, भिजविण्याचा काळ व सेंट्रिफ्यूजचे बल, तर आठ प्रयोग व मध्यम पातळीचे तीन असे अकरा प्रयोग होतात. प्रत्येक प्रयोगास ५० ते १०० ग्रॅम पान घेतल्यास परीक्षणशाळेतील लहान सेंट्रिफ्यूजवर हे काम पार पडते. लहान यंत्रावरील निष्पत्ती मोठ्या टोपलीत जशीच्या तशी उतरत नाही. टोपलीत चोथ्याच्या थराची जाडी हा नवा घटक येतो. तथापि कोणते घटक महत्त्वाचे व कोणते गौण, हे लहान प्रयोगांतून निश्चित कळते. मोठ्या यंत्रावर मग दोन-तीन पडताळणी-बॅच पुरेशा होतात.

उद्दिष्ट कोणते असावे

येथे आम्ही एक गोष्ट आग्रहाने मांडू इच्छितो. परदेशी उद्योगाचे उद्दिष्ट बहुधा अधिकाधिक घटक कमीत कमी वेळात काढणे हे असते. औषधी निर्मात्याचे उद्दिष्ट ते नसावे. ज्या स्थितीत निष्कर्ष सर्वाधिक तीव्र होतो, ती स्थिती अनेकदा लहान बदलांना फार संवेदनशील असते. तापमान दोन अंशांनी हलले की फल हलते. त्याहून थोडे कमी फल देणारी, पण लहान चुकांनी न ढळणारी स्थिती आपल्यासाठी श्रेयस्कर होय. आराखड्यातून अशी स्थिर जागा शोधता येते आणि व्यवायी द्रव्याच्या बाबतीत तीच निवडावी.

दुसरे असे की, १० किलो पानापासून १ किलो निष्कर्ष मिळाला म्हणून पानाच्या मात्रेचा दशांश ही निष्कर्षाची मात्रा ठरत नाही. ग्रंथोक्त मात्रा व अधिकार हे शोधित पानाचे आणि त्या विशिष्ट कल्पातील सहद्रव्यांचे आहेत. मेण, जलविद्राव्य अंश व ग्राही कषाय भाग काढून टाकलेला निष्कर्ष हे कर्मदृष्ट्या वेगळे द्रव्य आहे. त्याची मात्रा प्रत्यक्ष तपासलेल्या घटकांवरूनच ठरवावी. गर्भिणी, स्तन्यदा, बालक, उन्मादाचा पूर्वेतिहास असलेले व हृद्रोगी यांत तो वर्ज्य मानावा. वाहनचालकास स्पष्ट सूचना द्यावी. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे व अपस्माराची काही आधुनिक औषधे यांच्याशी सीबीडीची अन्योन्यक्रिया होते, हेही विचारात घ्यावे.

कायद्याची चौकट

कोणताही प्रयोग करण्यापूर्वी, तो ५० ग्रॅम पानाचा असला तरी, पुढील बाबींची पूर्तता आवश्यक आहे.

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या व्याख्येत फुलोरा व फलयुक्त शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविरहित पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. परंतु त्याच व्याख्येत चरस म्हणजे वेगळे केलेले रेझिन, कच्चे वा शुद्ध, कोणत्याही स्वरूपातील, आणि हशीश तेल म्हणून ओळखली जाणारी तीव्र कृतीही, असे म्हटले आहे. केवळ पान वापरले म्हणून निष्कर्ष आपोआप या कायद्याच्या बाहेर राहील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. यंत्र जितके कार्यक्षम, तितका हा प्रश्न अधिक तीव्र होतो. म्हणून आपल्या उत्पादनाचे स्वरूप व तीव्रता नमूद करून अनुज्ञप्ती देणाऱ्या अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर एक किलो पानही आणू नये.

महाराष्ट्रात भांगेचा ताबा, वाहतूक व वापर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली (पूर्वीचा मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९) नियंत्रित आहे. तीव्र मद्यार्काच्या साठ्यासाठीही राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये भंगेचा समावेश असल्याने लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना अनिवार्य आहे. नियम १५८-बी नुसार निष्कर्षाचे द्रावक जल, जल-मद्यार्क की अन्य, यावरून सुरक्षिततेच्या पुराव्याची अपेक्षा बदलते. यंत्रकक्षासाठी फ्लेमप्रूफ मोटर, भूसंपर्कित जोडणी, वाफेचा निचरा व झाकण उघडताच थांबणारी व्यवस्था यांखेरीज मद्यार्कासह सेंट्रिफ्यूज चालवू नये. कापड पिळण्याचे जुने हायड्रो एक्स्ट्रॅक्टर स्वस्तात मिळते म्हणून या कामी लावणे प्राणघातक ठरू शकते.

उपसंहार

विजयेच्या निष्कर्षणात सेंट्रिफ्यूजचे स्थान निश्चित आहे. ते चोथ्यातील हानी घटविते आणि थंडीने कणरूपात आलेले मेण गोळा करते. याहून अधिक काही ते करीत नाही. पान, शोधन, तापमान, काळ व बल यांचा परस्परसंबंध प्रयोग-आराखड्याने उलगडतो आणि त्यासाठी अकरा लहान बॅच, एक तराजू, एक विश्वासार्ह परीक्षणशाळा व नीट ठेवलेली नोंदवही पुरेशी होते. हीच रीत शोधनविधींच्या तुलनेसही लागू पडते. जलप्रक्षालन किती वेळा, घृत किती, अग्नी किती, हे प्रश्न विजयेपुरते मर्यादित नाहीत. वत्सनाभ, भल्लातक व कुचला यांच्या शोधनातही तेच उभे राहतात.

ज्या फार्मसीचालकांकडे विजयेची अनुज्ञप्ती नाही, त्यांनी शुंठी किंवा अश्वगंधेच्या निष्कर्षणावर चार प्रयोगांचा आराखडा करून आरंभ करावा. हात बसला की पुढील वाट सोपी होते. आपल्या प्रयोगांची फले, ती अनुकूल असोत वा प्रतिकूल, सर्व नोंदींसह या पत्रिकेकडे अवश्य पाठवावीत. एका निर्मात्याच्या आठ बॅचचे सत्य मर्यादित असते. अनेकांच्या नोंदी एकत्र आल्या तर विजयेच्या निष्कर्षासाठी आपल्या शास्त्राचे स्वतःचे मानक उभे राहू शकेल, आणि ओ’शॉघ्नेसींच्या द्रावणाने अनिश्चिततेमुळे जे स्थान गमावले, ते आपल्या औषधावर गमावण्याची वेळ येणार नाही.